बापूदेवशास्त्र्यांची फाईल

काशीतल्या मराठी माणसांवरच्या या मालिकेत मागच्या वेळी आपण पंचगंगा घाटावर थांबलो होतो. तिथून पाण्याच्या कडेनं, प्रवाहाबरोबर चालत निघालं की दुर्गा घाट लागतो आणि त्याला चिकटूनच ब्रह्मा घाट. आजचं बोलणं इथल्या पायऱ्यांवरून. मधूनच बोटीचं इंजिन धडधडेल, तेवढं चालवून घ्या. पुस्तकातून वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

हे दोन्ही घाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधले. पेशव्यांच्या घरात ज्यांच्या शब्दाला वजन होतं असे हे सत्पुरुष काशीला येऊन राहिले, आणि त्यांच्या मागोमाग वरच्या गल्ल्यांत दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती दाट होत गेली. गौड सारस्वतांच्या काशी मठाचं मूळ ठिकाणही याच घाटावर आहे. जेम्स प्रिन्सेपनं १८३०च्या सुमारास काशीची जी चित्रं छापली, त्यांत ब्रह्मा घाट आहे. घाटाचा इतिहास सांगायचा तर एक वेगळा भाग करावा लागेल, आणि तो मी करणारही आहे. पण आज माझ्या डोक्यात दुसरंच काही आहे.

काल रात्री भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत एका विद्यापीठात संशोधक आहे, भूजलावर काम करतो. म्हणाला, "मामा, एक विचित्र काम अंगावर आलंय. मी उत्कृष्ट संशोधक आहे हे मला सिद्ध करायचंय. आणि त्याचा कच्चा मजकूर मलाच लिहायचाय." मी हसलो. तो हसला नाही. त्याच्या एच-१बी व्हिसाला सहा वर्षांची मर्यादा, त्यातलं पाचवं चालू आहे. मुलगी तिकडे बालवाडीत जाते. इकडे माझी बहीण रोज सकाळी विचारते, "काय झालं रे त्याच्या कागदांचं?" फोन ठेवता ठेवता तो वैतागून म्हणाला, "तुझ्या काशीतल्या पंडितांना कुठे लागत होती असली पत्रं?"

लागत होती. फार लागत होती. म्हणून आजचा विषय हा.

आधी त्याचं काम काय आहे ते समजून घेऊ, कारण आपल्याकडे 'ग्रीन कार्ड' हा शब्द सगळ्यांना माहीत असतो आणि त्याच्या आतली वाट कुणालाच माहीत नसते. अमेरिकेनं १९९० साली कायदा बदलला आणि नोकरीच्या आधारे कायमचं राहायला देण्याच्या श्रेणी ठरवल्या. त्यातल्या पहिल्या श्रेणीच्या पोटात एक खाना आहे, 'उत्कृष्ट प्राध्यापक आणि संशोधक' असा. बोलताना लोक त्याला ईबी-१बी म्हणतात. विद्याशाखेत आंतरराष्ट्रीय मान्यता हवी, शिकवण्याचा किंवा संशोधनाचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा, आणि कायम स्वरूपाची जागा देणारी संस्था हवी. आय-१४० नावाचा अर्ज ती संस्थाच करते, माणूस स्वतः करू शकत नाही. मान्यता कशी दाखवायची, तर सहा प्रकारचे पुरावे सांगितले आहेत: मोठे पुरस्कार, ज्यांत कर्तृत्वाशिवाय प्रवेश नाही अशा संस्थांचं सदस्यत्व, आपल्या कामावर इतरांनी केलेलं लेखन, इतरांच्या कामाचं परीक्षण, मूळ संशोधनाची भर, आणि आंतरराष्ट्रीय वाचकवर्ग असलेल्या नियतकालिकांतलं किंवा ग्रंथरूप लेखन. सहापैकी दोन तरी हवेत.

दोन मिळाले की झालं, असं मात्र नाही. काझारियन नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाचा खटला २०१० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयात निकाली निघाला. तो शेजारच्या, 'असाधारण गुणवत्ते'च्या खान्यातला होता, पण त्यानंतर दोन्हीकडे दोन पायऱ्यांनी तपासणी होऊ लागली. आधी पुरावे मोजायचे, मग सगळं एकत्र पाहून ठरवायचं की हा माणूस खरंच त्या उंचीचा आहे का. ठरवणारा अधिकारी भूजलाचा जाणकार नसतो. म्हणून जाणकारांची पत्रं जोडतात, आणि त्यांतली काही अशांची असावीत की ज्यांनी अर्जदाराबरोबर कधी काम केलेलं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? रांगेसाठी. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० जागा, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांपलीकडे नाहीत. २०२५ मध्ये भारतात जन्मलेल्यांसाठी दुसऱ्या श्रेणीत २०१३ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता, पहिल्या श्रेणीत २०२२ सालच्या. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात नऊ वर्षांचा फरक. 'जन्मलेल्यांना' हा शब्द ध्यानात ठेवा. तुम्ही कुठे शिकलात, कुठे राहता याला रांगेत किंमत नाही. आई कुठल्या गावात बाळंत झाली ते विचारतात.

आता काशीत या.

इथे सोळाव्या शतकाच्या आरंभी पैठणहून रामेश्वर भट्ट आले. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट, जन्म १५१३. त्यांच्या पुढच्या पिढ्यांत 'निर्णयसिंधु' लिहिणारे कमलाकर भट्ट, 'मयूख' लिहिणारे नीलकंठ भट्ट, आणि ज्यांना आपण सगळे ओळखतो ते गागाभट्ट. या घराण्याला काशीच्या पंडितसभेत अग्रपूजेचा मान होता. सभा भरली की पहिलं गंध, पहिला विडा यांना. कागद नव्हता, पण सगळ्यांच्या देखत मिळालेला तो मान हाच पुरावा. आणि गंमत बघा, १९१२ साली हरप्रसाद शास्त्रींनी या घराण्यांवर लेख लिहिला तेव्हा त्याचं नाव काय ठेवलं? 'काशीतले दक्षिणी पंडित'. चारशे वर्षं होत आली होती. काशीच्या धर्मशास्त्राचा कणा झालेली माणसं तोवर 'दक्षिणी'च होती. जन्मगावाचा हिशेब अमेरिकेनं शोधून काढलेला नाही.

पत्रांचं म्हणाल तर सतराव्या शतकातले कवींद्राचार्य सरस्वती घ्या. मूळचे गोदाकाठचे ऋग्वेदी, नंतर संन्यास घेऊन काशीत स्थायिक. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शाहजहानकडे रदबदली करून माफ करवला. बादशहानं त्यांना 'सर्वविद्यानिधान' ही पदवी दिली. इकडे पंडितांनी त्यांची स्तुती करणारे श्लोक आणि गद्य लिहिलं, ते एकत्र केलं आणि त्याचं 'कवींद्रचंद्रोदय' असं पुस्तक झालं. हे पुस्तक १९३९ मध्ये पुण्यात छापलं गेलं. भाच्याच्या वकिलाला ते दाखवलं तर तो खूश होईल: एका माणसासाठी गावभरच्या जाणकारांनी सहीनिशी दिलेली पत्रं!

पण त्या पत्रांनी पुढे काय केलं? शाहजहान गेला, औरंगजेब आला. फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो की काशीच्या एका मोठ्या पंडिताला २,००० रुपयांचं वर्षासन होतं आणि ते नव्या बादशहानं बंद केलं. ते परत मिळावं या आशेनं तो पंडित दिल्लीत दानिशमंदखानाच्या वाड्यावर वर्षभर हेलपाटे घालत होता. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोड्यांनी हे पंडित म्हणजे कवींद्राचार्यच असल्याचं मांडलं. सगळ्या काशीची शिफारस हाताशी आहे, आणि दुसऱ्याच्या ओसरीवर तिष्ठत बसावं लागतंय. एच-१बीवरच्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही.

सगळ्या सह्या विद्येसाठीच होत होत्या असंही समजू नका. १६५७ मध्ये विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात सभा भरली आणि सत्तरांहून अधिक पंडितांनी एका निर्णयपत्रावर सह्या केल्या. प्रश्न कुणाच्या ग्रंथाचा नव्हता. देवर्षे म्हणजे देवरुखे ब्राह्मणांचा दर्जा काय, त्यांना पंगतीला घ्यायचं की नाही, हा होता. भारतातली तेव्हाची सर्वांत तल्लख डोकी एका ठिकाणी बसली आणि पान कुणाच्या शेजारी वाढायचं ते ठरवत राहिली. माझ्या काशीप्रेमात हा काटा कायम टोचतो. त्या सहा खान्यांना नावं ठेवायची तेवढी ठेवा, त्यांत गोत्र विचारलेलं नाही.

आता ज्यांच्यासाठी हा भाग केला त्यांच्याकडे वळतो. बापूदेवशास्त्री.

जन्म १८२१, पुणे. खरं नाव नृसिंह, पण जग ओळखतं बापूदेव म्हणून. कागदावर एक नाव, हाकेचं दुसरं: आजच्या वकिलानं पहिली शंका इथेच काढली असती. लहानपण आणि पहिलं गणित नागपुरात. भोपाळचा इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन सिहोरला राहायचा. त्याला संस्कृत ज्योतिषाचा नाद. भास्कराचार्यांचे सिद्धांत आणि कोपर्निकसचं मत मुलांना शेजारी शेजारी ठेवून शिकवावं, अशी त्याची धडपड. १८३८ मध्ये त्यानं नागपूरच्या या हुशार मुलाला हेरलं आणि सिहोरच्या पाठशाळेत नेलं. १८४१ मध्ये विल्किन्सन वारला. पण तोवर त्याचा शब्द काम करून गेला होता. १८४२च्या सुमारास, वयाच्या विशीत, बापूदेव बनारसच्या संस्कृत कॉलेजात भूमिती शिकवायला लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

म्हणजे कायमची जागा आहे. अनुभव तीन नव्हे, चाळीसवर वर्षांचा. आता खाने भरू.

पुरस्कार: १८७८ मध्ये सी.आय.ई., १८८७ मध्ये महामहोपाध्याय. सदस्यत्व: १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं आणि १८६८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीनं त्यांना मानद सदस्य केलं. दोन खाने इथेच झाले. पण मला यांत रस कमी. मान सरकारनं दिले, सरकार परक्यांचं होतं, आणि असे मान कधी विद्येला मिळतात तर कधी वागणुकीला. खरी गोष्ट पुढच्या खान्यांत आहे.

१८५८ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात बापूदेवांनी चार-एक पानांचा इंग्रजी लेख लिहिला: भास्कराचार्यांना कलनाची कल्पना होती. मुद्दा असा. चंद्र रोज किती सरकतो ते पंचांगवाल्याला काढावंच लागतं. पण चंद्राचा वेग एका दिवसातसुद्धा बदलतो. मग ग्रहण नेमकं कधी लागेल ते सांगायला दिवसाची सरासरी चालत नाही, त्या क्षणाची गती लागते. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धांतशिरोमणी'त तिला 'तात्कालिक गती' म्हटलं, आणि ती काढताना ज्येतला अगदी लहान फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे वापरलं. अकरावी-बारावीला गणित घेतलेल्यांना आठवत असेल, साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन. तेच.

या घाटावरच्या गल्ल्यांत 'सिद्धांतशिरोमणी' पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. तात्कालिक गती म्हणजे काय हे तिथल्या जाणत्या ज्योतिष्याला माहीत होतं, तो ती वापरून पंचांग करत होता. मग बापूदेवांनी नवीन काय केलं? त्यांनी ते ओळखलं. न्यूटन आणि लायब्निट्झच्या नावावर जी गोष्ट युरोपात शिकवतात, तिचं बीज या श्लोकांत आहे, हे दोन्ही बाजू येणाऱ्या माणसालाच दिसू शकत होतं. आणि ओळखून ते गप्प बसले नाहीत. ज्यांना पटवायचं त्यांच्या भाषेत, ते वाचतात त्या ठिकाणी, थोडक्यात लिहिलं.

दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम स्पॉटिसवूड या गणितज्ञाचं त्यावर टिपण आलं. हा पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्याचं म्हणणं, बापूदेवांनी दावा जरा ताणलाय. पण भास्कराचार्यांची रीत आणि कलनाची रीत यांतलं साम्य वरवरचं नाही, आणि त्यांची सूक्ष्म दृष्टी थक्क करणारी आहे. बापूदेवांना हे अर्धं कबूल, अर्धं नामंजूर कसं लागलं असेल? मला विचाराल तर त्यांच्या फाईलमधला हा सर्वांत मोलाचा कागद. आपल्या कामावर इतरांनी लिहिलेलं हवं, एवढंच नियम म्हणतो. कौतुकच हवं असं म्हणत नाही. कधीही न भेटलेला, पूर्ण सहमत नसलेला, तरी दखल घ्यावी लागलेला माणूस: याहून चांगला साक्षीदार कुठला?

परीक्षणाचा खाना राहिला. १८६१ मध्ये कलकत्त्याला एक ग्रंथ निघाला. त्यात बापूदेवांनी केलेला 'सूर्यसिद्धांता'चा इंग्रजी अनुवाद आहे, आणि शेजारी विल्किन्सननं केलेला 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायाचा. मुखपृष्ठावर विल्किन्सनच्या नावामागे 'दिवंगत' आहे, आणि पुढे लिहिलंय की हा अनुवाद बापूदेवशास्त्र्यांनी तपासून दुरुस्त केला. ज्यानं नागपूरहून बोट धरून नेलं, त्याची वही वीस वर्षांनी शिष्यानं तपासली. ते पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ उलटलं नव्हतं.

आणि नेमक्या याच सुमारास, १८६० मध्ये, अमेरिकेत न्यू हेवनहून 'सूर्यसिद्धांता'चाच दुसरा इंग्रजी अनुवाद आला, अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात. अनुवादक एबेनेझर बर्जेस. हा अमेरिकन मिशनरी आपल्या मराठी मुलुखात राहून गेलेला. शाळांसाठी मराठीत खगोलाचं पुस्तक करायचं म्हणून तो या विषयात शिरला, असं तो स्वतःच सांगतो. पहिला खर्डा भारतातच झाला, संस्कृत आणि ज्योतिष जाणणाऱ्या ब्राह्मणांच्या मदतीनं. हेही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंय. तो अनुवाद आजही जगभर वापरतात, टिपा उत्तम आहेत. पण मुखपृष्ठावर बर्जेस आहे, त्याला साहाय्य करणारी सोसायटीची प्रकाशन समिती आहे. ते ब्राह्मण नाहीत.

मुखपृष्ठावर आलेले बापूदेव आणि न आलेले ते पंडित, यांच्या विद्येत किती अंतर होतं? फार नसावं, असं मला वाटतं. अंतर कागदात आहे. सहा खाने विद्या मोजत नाहीत, विद्येनं मागे सोडलेल्या खुणा मोजतात. या वरच्या गल्ल्यांत ज्यांना सगळी संहिता घनपाठासह मुखोद्गत होती, ज्यांच्या पायाशी बसून शेकडो मुलं शिकली, त्यांची एकही खूण फाईलला लावण्याजोगी नाही. बापूदेव वेगळे ठरले ते त्यांनी केलेलं काम दुसऱ्याच्या वहीत नोंदवलं जाईल अशा जागी ठेवलं म्हणून. याला कुणी हुशारी म्हणेल, कुणी तडजोड. मी तडजोड म्हणणार नाही. १८५८ साली काशीतल्या पंडितानं कलकत्त्याच्या इंग्रजी नियतकालिकात भास्कराचार्यांची बाजू मांडणं याला हिंमत लागत होती.

हे सगळं मी काल रात्रीच भाच्याला सांगितलं. तो इंजिनिअरिंगचा माणूस, मुद्द्यावर आला. "म्हणजे मामा, माझं बर्जेसच्या पंडितांसारखं झालंय." खरंच तसं आहे. त्याचं सर्वांत मोठं काम म्हणजे विहिरींच्या पातळीच्या जुन्या नोंदी जुळवून, चुका काढून, इतरांना वापरायला मोकळ्या करून दिल्या. चार वर्षं घातली त्यानं त्यात. त्यावर इतरांनी शोधनिबंध लिहिले, त्यांत याचं नाव कुठे आभारात, कुठे तळटीपेत, कुठे नाहीच. मसुद्यात त्यानं हे काम एका ओळीत उरकलं होतं आणि पहिल्या नावाचे निबंध मात्र रंगवून लिहिले होते. का, तर नोंदी साफ करणं म्हणजे संशोधन असं त्याला स्वतःलाच वाटत नव्हतं.

मी म्हटलं, तू स्वतःला उत्कृष्ट वगैरे म्हणूच नकोस. त्या नोंदी कुणी वापरल्या, कुठल्या देशात वापरल्या, त्यामुळे कुणाचा कुठला निष्कर्ष बदलला, एवढं साध्या भाषेत लिही. आणि ज्यानं तुझ्यावर टीका केलीय त्याला पत्र माग. यावर पलीकडे जरा शांतता झाली. एक जपानी प्राध्यापक आहेत. त्यांनी याच्या नोंदी वापरल्या, दोन ठिकाणी चुका दाखवल्या, आणि ते छापूनही आणलं. याची त्यांची भेट नाही, ओळख नाही. "ते कशाला देतील पत्र?" तो म्हणाला. मी म्हटलं, स्पॉटिसवूडनं दिलं नसतं का?

आज पहाटे इथे पायऱ्या उतरत असताना त्याचा मेसेज आला. जपानला ईमेल पाठवलाय, आणि नोंदींच्या कामाची ओळ वाढवून दीड पान केलंय. वकील म्हणाला, दीड पान जास्त होतंय. हा म्हणाला, राहू दे. विद्यापीठ अर्ज पुढच्या महिन्यात पाठवणार आहे. जपानहून अजून उत्तर नाही.

उत्तर आलं तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगेन. पुढचा भाग याच घाटाचा, नारायण दीक्षितांचा. तोवर नमस्कार.